वरच्या पार्किंगमधली काठी

१

गाडी सापडली तेव्हा तिच्या टपावर हातभर बर्फ होता, आणि रोलंड ऑल्बी तो नुसत्या हातांनी उपसत होता. हातमोजे घाला हो, असं त्याला दोघातिघांनी सांगून पाहिलं. त्याला ऐकूच येत नव्हतं. पुढची काच मोकळी झाली तसा तो आत डोकावला आणि तिथेच मटकन खाली बसला. आत कोणी नव्हतं. मागच्या सीटवर त्याच्या मुलीचे, टेसाचे, कोरडे कपडे नीट घडी करून ठेवलेले होते.

टेसा शनिवारी सकाळी एकटीच डोंगरावर गेली होती. बापाला फोनवर एवढंच म्हणाली होती, ‘पार्लो खिंडीत चाललेय, संध्याकाळी फोन करते.’ दुपारी पडता पडता गोठणारा पाऊस आला, मग बर्फ जो सुरू झाला तो रविवारी दुपारपर्यंत. खिंडीतली वीज गेली. फोन तर इथे उन्हाळ्यातसुद्धा लागत नाही. आणि आज सोमवार.

ग्रेटा हॅस्किन्स वन्यजीव खात्याची अधिकारी. खिंडीत माणूस हरवला की शोधायची जबाबदारी तिची. गाडी बघताच तिने सुटकेचा निःश्वास टाकला होता, कारण आता डोंगर कळला. पार्लो खिंडीत रस्त्याच्या दोन अंगांना दोन पार्किंग आहेत. खालच्या पार्किंगमधून टेबरची वाट निघते, वरच्या पार्किंगमधून सायरसची. डोंगर एकमेकांकडे तोंड करून उभे, पण एकावर हरवलेला माणूस दुसऱ्यावर शोधून काय उपयोग? टेसाची गाडी खालच्या पार्किंगमध्ये होती. ग्रेटाने होती नव्हती तेवढी सगळी माणसं टेबरवर धाडली.

“मिस्टर ऑल्बी, दुसरी किल्ली आहे ना तुमच्याकडे?”

त्याने खिशातून किल्ली काढली. बोटं इतकी बधिर झाली होती की ती निसटून गाडीखाली गेली. ग्रेटा आडवी झाली, कोपर टेकून आत हात घातला. कोपर मऊ बर्फात रुतलं. किल्ली काढून ती उठली, जाकीट झटकलं. पुढची नंबरपट्टी वाकलेली दिसली. बर्फ लोटणाऱ्या ट्रकचा धक्का लागला असेल, असं मनाशी म्हणून तिने ते सोडून दिलं.

“आज रात्रीच्या आत सापडेल ना?” रोलंडने विचारलं. “खरं सांगा. अजून एक रात्र काढेल ती?”

ग्रेटाने खरं सांगितलं नाही. “सगळी माणसं वर गेलीत,” ती म्हणाली.

२

फायर स्टेशनात जनरेटर घरघरत होता. ग्रेटाने कॉफीचा पेला तोंडाला लावला आणि तिच्या लक्षात आलं की आपलं कोपर ओलंचिंब झालंय.

कोपर ओलं का?

पेला तसाच हातात राहिला. अहो, साधी गोष्ट आहे! गाडी पावसाआधी लावली असेल तर तिच्याखाली कोरडं डांबर हवं. फार तर कडेने भुरभुर आत गेली असेल. पण तिचं कोपर गाडीच्या पोटाखाली चांगलं चार बोटं रुतलं होतं. म्हणजे आधी तिथे बर्फ पडला आणि मग त्यावर गाडी आली.

 वायरलेसवर टेबरवरचे लोक सांगत होते की वारा उभं राहू देत नाही, एकाचा पाय मुरगळलाय, आणि मुलीचा मागमूस नाही. तिच्या शब्दावर ती माणसं तिथे जीव धोक्यात घालत होती. आणि आता नुसत्या ओल्या बाहीवरून त्यांना खाली बोलवायचं? उद्या मुलगी टेबरवरच निघाली तर?

टेसा उशिरा आली असेल, अशीही शक्यता होती. ती आधी निकालात काढायला हवी होती. ग्रेटा लॉजकडे निघाली.

लॉजची मालकीण जिनेट ब्लँचार्ड गॅसच्या शेगडीवर शोधपथकासाठी सूप ढवळत होती.

“ती मुलगी? दार उघडल्या उघडल्या आली होती. दोन सँडविच घेतली, थर्मास भरून घेतला. हसरी पोर गं. म्हणाली, आज पहिला नंबर माझाच.”

“म्हणजे पावसाच्या बऱ्याच आधी.”

“बऱ्याच. का?”

“जिनेट, तिची गाडी कोणीतरी हलवलीय.”

जिनेटच्या हातातला डाव थांबला. “माझ्याकडे काय बघतेस? माझ्या पाहुण्यांना पार्किंग मिळत नाही म्हणून मी दरवर्षी बोंबलते, ते खरं. बर्फ लोटणाऱ्या लुसियनला मी म्हटलंही होतं, उजाडायच्या आत वरचं पार्किंग मोकळं करून दे, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघते. पण दुसऱ्याच्या गाडीला हात लावायला मी कधी सांगितलं नाही हं. आणि तोही लावणार नाही. एप्रिलमध्ये गावमंडळाने त्याला सगळ्यांसमोर झापलंय. आणखी एक गाडी ओढलीस तर काम गेलं म्हणून समज, म्हणाले.”

“एप्रिलमध्ये कोणाची ओढली होती?”

“आणखी कोणाची? ओरिनची. दर बर्फाला तेच. तो वरच्या पार्किंगच्या तोंडाशी आपला खटारा लावून जागा अडवतो, लुसियन तो खाली नेऊन टाकतो. सगळा गाव हसतो दोघांना.” तिने गॅस बारीक केला. मग हळूच म्हणाली, “ग्रेटा, तिचा बाप सकाळपासून काही खात नाहीये. त्याला काय सांगू?”

३

ओरिन पेल्कीचं घर वरच्या पार्किंगला लागून. फाटकाशी एका खांबावर फळी ठोकलेली, तिच्यावर त्याने स्वतःच्या हाताने लाल अक्षरं रंगवलेली होती: ‘ट्रेकवाल्यांनो, ही धर्मशाळा नाही. दार वाजवाल तर कुत्रा सोडीन.’ खिंडीतले लोक त्या पाटीची टिंगल करत. कुत्रा म्हणजे डच, तेरा वर्षांचा, आणि त्याला चावायला दातच उरले नव्हते.

डच आज घरात नव्हता. मागच्या उघड्या शेडच्या तोंडाशी, बर्फात पोट टेकून बसला होता. ग्रेटाने शीळ घातली तरी हलला नाही.

“राहू दे त्याला!” ओरिन दारातूनच ओरडला. त्याला कमी ऐकू येई, त्यामुळे सगळ्यांनाच कमी येतं असं समजून तो बोले. “कालपासून येडा झालाय. खात नाही, आत येत नाही. शेडमध्ये साळिंदर शिरलंय, दुसरं काय. ये आत, पोरी. कंबर मोडलीय माझी, शुक्रवारपासून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही.”

घरात अंधार आणि गारठा. शेगडीत दोन ओंडके कसेबसे धुमसत होते.

“ओरिन, शनिवारी रात्री वरच्या पार्किंगमध्ये गाडी होती?”

“मला काय माहीत? माझ्याच दारातलं पार्किंग, पण त्यात मला बोलायचा हक्क नाही असं गावमंडळाने सांगितलंय. त्यांचा कागद आला ऑक्टोबरात. तुझी गाडी पार्किंगमध्ये दिसली तर उचलून नेऊ! गपगुमान शेडमध्ये घातली, ताडपत्री टाकली वर. आता येऊ देत कोणालाही. माझं फाटक अडवा, अंगणात मुता, मी काही बोलतोय?”

“फळीवर तर बरंच काही बोलला आहेस.”

“ती फळी राहणार!” म्हातारा उसळला. “तुझा बाप असता तर त्यानेच मला खिळे आणून दिले असते.”

“माझ्या बापाने त्या लोकांना कॉफी पाजली असती, ओरिन, आणि मग तुला शिव्या घातल्या असत्या.”

ओरिन गुरगुरला, पण त्याचे डोळे खाली गेले. “सापडली का ती पोर?” त्याने विचारलं. या वेळी आवाज बारीक होता.

४

बाहेर आल्यावर ग्रेटाने वरचं पार्किंग पायाने तपासायला घेतलं. लुसियनने बर्फ लोटून काठाला माणसापेक्षा उंच ढीग लावले होते. पण ट्रकचं पातं बर्फ काढतं, त्याच्याखाली डांबराला धरून बसलेला गोठलेला पाऊस काढत नाही. सगळीकडे काचेसारखा कडक थर. ती दोनदा घसरली. कडेने लुसियनच्या खुणेच्या नारिंगी काठ्या ओळीने उभ्या होत्या, शिवाय आतल्या बाजूला, लोटायच्या राहिलेल्या बर्फाच्या उंचवट्यात, एक काळी काठी एकटीच रोवलेली होती. तिला वळसा घालून ग्रेटा पुढे गेली, आणि तिचा बूट घसरायचा थांबला.

खाली कोरडं, काळंभोर डांबर होतं. एका मोटारीएवढं लांब, एका मोटारीएवढं रुंद.

पाऊस पडत होता तेव्हा इथे गाडी उभी होती. ग्रेटाने त्या चौकोनात उभं राहून दोन्ही हातांनी डोकं धरलं. टेसा सायरसवर गेली होती. आणि तिने सकाळपासून सगळी माणसं समोरच्या डोंगरावर नाचवली होती. तिनेच. दुसरं कोणी नाही.

तिने वायरलेस तोंडाशी धरला. “सगळे खाली या. मुलगी सायरसवर आहे.”

 पथकाच्या म्होरक्याचा दमलेला आवाज आला. “ग्रेटा, आम्ही माथ्यावर आहोत. खाली येईपर्यंत अंधार पडेल. आणि यातला एकही माणूस आज दुसरा डोंगर चढू शकणार नाही.”

मागे पावलं वाजली. रोलंड ऑल्बी रस्ता ओलांडून आला होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

“कोणी केलं हे?” तो म्हणाला. “नाव सांगा मला फक्त. मी त्याचा गळा…” आणि पुढचं वाक्य रडण्यात बुडालं. ग्रेटाने त्याला धरलं. तिला स्वतःलाच कोणीतरी धरायला हवं होतं.

५

लुसियन कुतुर गावच्या गॅरेजात ट्रकखाली पडून पात्याचे बोल्ट आवळत होता. वादळ सुरू झाल्यापासून त्याने पाठ टेकली नव्हती. डोळे लालबुंद, दाढीत बर्फ.

“लुसियन, त्या मुलीची गाडी तू हलवलीस?”

“नाही.”

“लुसियन.”

“आईची शपथ घेऊन सांगतो, नाही! तिची गाडी मी डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नाही. इतकी वर्षं ओळखतेस मला, मी खोटं बोलेन? एक पोर तिकडे मरतेय आणि मी खोटं बोलेन?”

तो खोटं बोलत नव्हता, हे ग्रेटाला दिसत होतं. खिंडीत लुसियन कुतुरइतका सरळ माणूस नव्हता. आणि तरीही ट्रक, साखळी आणि त्या रात्री तिथे असण्याचं कारण, हे तिन्ही त्याच्याच एकट्याकडे होतं. मग तिला उमगलं की आपण प्रश्नच चुकीचा विचारलाय.

“मग कोणाची हलवलीस?”

लुसियनने पाना खाली ठेवला. मान खाली घातली.

“ओरिनची,” तो पुटपुटला. “आता सांग जाऊन गावमंडळाला. जाऊ दे काम. रविवारी उजाडायच्या बरंच आधी वर गेलो, तर तोंडाशी तो पांढरा ढिगारा. नेहमीचीच जागा. या हिवाळ्यातला पहिलाच मोठा बर्फ, आणि याने पुन्हा सुरू केलं! डोकं फिरलं माझं. साखळी लावली आणि ओढत खालच्या पार्किंगमध्ये नेऊन टाकली. मागाहून बर्फाने सगळं झाकलं.”

“बर्फ झटकून बघितलास, कोणाची आहे ते?”

“बघायचं काय त्यात? वीस वर्षं ओढतोय.”

“लुसियन, ओरिनची गाडी ऑक्टोबरपासून शेडमध्ये आहे.”

  गॅरेजच्या तेलकट जमिनीवर लुसियन लहान मुलासारखा बसला.

“नाही,” तो म्हणाला. “नाही गं. काठी होती ना त्याची! दुसऱ्या फेरीला गेलो, चांगलं उजाडलं होतं, तर म्हाताऱ्याने बरोबर त्याच जागी नव्या बर्फात काळी काठी रोवून ठेवलेली. जागा माझी म्हणून. मला हसूच आलं. म्हटलं राहू दे, काठीला वळसा घालून लोटलं.”

ग्रेटा त्याच्यासमोर खाली बसली.

“पहिल्या फेरीला ती काठी होती?”

“छे! गाडी होती ना तिथे. पार्किंग पूर्ण साफ करून निघालो मी. काठी नंतरची.”

“ओरिन शुक्रवारपासून घराबाहेर पडलेला नाही,” ग्रेटा सावकाश म्हणाली. ती लुसियनला सांगत नव्हती, स्वतःलाच सांगत होती. “तुझ्या काठ्या नारिंगी. ही काळी. डोंगर चढायची काठी आहे ती, लुसियन. मी तिच्या बाजूने चालत गेले. ती पोर खाली आली होती. तुझ्या दोन फेऱ्यांच्या मध्ये. त्या वादळातून, त्या अंधारातून, ती आपल्या गाडीपर्यंत पोचली होती. आणि गाडी नव्हती.”

लुसियनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“रड नंतर. ट्रक काढ!”

६

ट्रकमध्ये ग्रेटा मोठ्याने विचार करत होती, कारण गप्प बसली असती तर किंचाळली असती. टेसा परत डोंगरावर गेली नसणार. काठी तिने शोधणाऱ्यांना खूण म्हणून रोवली असणार; काठी टाकून कोण चढतं? रस्त्याने लॉजकडे गेली असती तर जिनेटने पाहिलं असतं. चालता येत असतं तर ती गेलीच असती. म्हणजे चालता येत नव्हतं. वीज गेलेली, ओरिनच्या घरात दिवा नाही. पण फाटक पार्किंगला लागून. त्या फाटकावर हातातल्या बॅटरीचा उजेड पडला तर काय दिसणार?

“पाटी,” लुसियन म्हणाला.

“आणि पाटीच्या मागे?”

लुसियनने ट्रकचा वेग वाढवला. ट्रक वरच्या पार्किंगमध्ये शिरला तेव्हा डच अजून शेडच्या तोंडाशीच होता. तेरा वर्षांचा, कालपासून उपाशी, पाठीवर बर्फाची साय धरलेली. ग्रेटा धावत आली तसा तो उठला आणि तिच्यापुढे शेडमध्ये शिरला, आणि ताडपत्रीखाली झाकलेल्या जुन्या निळ्या गाडीच्या दाराला नाक लावून उभा राहिला.

ग्रेटाने ताडपत्री ओढली. खिंडीत कोणी गाडीला कुलूप लावत नाही. दार गोठलेलं होतं. लुसियनने खांदा लावून ते मोडूनच काढलं.

मागच्या सीटवर कुत्र्याच्या जुन्या गोधड्यांचा ढीग होता. ग्रेटाने वरची गोधडी उचलली. खाली निळसर पडलेला चेहरा, केसांत बर्फाचे खडे, एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. ग्रेटाने आपला गाल तिच्या तोंडाशी नेला आणि थांबली. लुसियनही थांबला. जगात दुसरा आवाजच नव्हता, आणि मग तिच्या गालाला अगदी पुसटसा, कोमट वारा लागला.

“आहे,” ती म्हणाली. “आहे! लुसियन, बापाला आण. धाव!”

जिनेटच्या लॉजमधून गरम पाण्याच्या बाटल्या आल्या, अॅम्ब्युलन्स निघाल्याचं वायरलेसवर कळलं. रोलंड ऑल्बी गाडीत शिरून मुलीला कवटाळून बसला होता, तिच्या कानाशी काहीतरी एकसारखं बोलत होता. ओरिन काठी टेकत, कंबर धरून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा अंगणात आला होता. शेडच्या खांबाला धरून तो आत बघत राहिला.

टेसाचे डोळे किलकिले झाले. बापाकडून सरकत ते त्या म्हाताऱ्यावर येऊन थांबले. ओठ हलले. ग्रेटाने कान जवळ नेला, आणि ओरिनला ऐकू जाणार नाही म्हणून तिला ते शब्द मोठ्याने परत म्हणावे लागले. ते म्हणणं तिला आयुष्यभर विसरता आलं नाही.

“ती म्हणतेय, माफ करा. तुमच्या गाडीत न विचारता बसले. पाटी वाचली होती, म्हणून दार वाजवलं नाही.”

ओरिनने ऐकलं. मान वळवून फाटकाकडे बघितलं.

अॅम्ब्युलन्स गेली. पायाची बोटं जातील, असं तिच्याबरोबरचे लोक म्हणाले, पण पोर राहील. जाण्याआधी लुसियन टोपी काढून रोलंडसमोर उभा राहिला. “गाडी मी ओढली,” एवढंच म्हणाला. गळा धरायला निघालेला तो बाप वळून अॅम्ब्युलन्समध्ये चढला. त्याच्यात तेवढीही ताकद उरली नव्हती.

अंधारून आलं होतं. ओरिन फाटकाशी उभा राहून ती फळी खांबासकट दोन्ही हातांनी उपटायला बघत होता. खांब जमिनीत गोठलेला, म्हाताऱ्याच्या अंगात जोर नाही. तरी तो हिसके देत होता, आणि रडत होता. ग्रेटा मदतीला निघाली तर त्याने हाताने तिला अडवलं.

“लुसियन!” तो ओरडला. “वीस वर्षं माझी गाडी ओढलीस ना? लाव साखळी हिला.”

लुसियनने साखळी काढली. खांबाला बांधण्याआधी तो वाकला, आणि फळीवर साचलेला बर्फ हाताने झटकून, अक्षरं दिसेपर्यंत, नीट बघून घेतलं.